एकतीस नंबरचं टोकन

आधीच माफी मागतो. माझं शिक्षण आठवीपर्यंत, तेही हिंदी शाळेत. मराठी घरी बोलतो, लिहायला आईकडून शिकलो. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, शब्दही साधेच आहेत. गोष्ट जशी झाली तशी लिहितो.

मी रायपूरच्या एका सार्वजनिक वाचनालयात चौकीदार आहे. एजन्सीकडून लागलो, सात महिने झाले. गोल बाजाराच्या मागे जुनी इमारत आहे. खाली पेपर आणि पुस्तकं देण्याघेण्याचं टेबल, वर अभ्यासिका. वर बॅग न्यायची नाही असा नियम आहे. बॅग खाली खुंटीला अडकवायची आणि पितळी टोकन घ्यायचं. जाताना टोकन परत दिलं की आम्ही ते भिंतीवरच्या खिळ्याला लावतो. सगळे खिळे भरले म्हणजे वाचक घरी गेले. एकतीस नंबरचा खिळा मात्र मी आल्यापासून रिकामाच होता. टोकन हरवलं असेल, असं मला वाटायचं.

त्या दिवशी ३१ जानेवारी २०२५, शुक्रवार होता. भैय्यालाल काकाजींचा नोकरीचा शेवटचा दिवस. चौतीस वर्षं ते इथे शिपाई होते. दुपारी शाल, नारळ, समोसे झाले. आठला वाचक गेले. साडेआठला कुलूप लावून किल्ली शंकर नगरला ग्रंथपाल साहेबांच्या घरी पोहोचवायची, हे माझं रोजचं काम. मी कुलूप घेऊन आलो तर काकाजी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले होते.

"बसा जरा. घाई काहून करून राहिले?"

टेबलवरची अनुश्री दीदी आणि कॉम्प्युटरवाला यशदीप पण थांबले.

"काकाजी, उरलेले समोसे काढा, मंग बसतो," यशदीप म्हणाला.

"चार तर तूच खाल्ले, पोट्ट्या. बस."

मग ते सांगू लागले.

"माझ्या वळखीचा एक माणूस होता. धर्मपाल म्हणा त्याले. असाच शिपाई, अशाच लायब्ररीत. २००४ ची गोष्ट. १७ डिसेंबर, शुक्रवारच होता. नवीन राजधानी झाली होती. ऑफिसं वाढले, परीक्षा वाढल्या, पोट्टे वर मावत नव्हते. पण लायब्ररीत माणूस वाढला नाई. उलट त्याच महिन्यात रात्रीच्या चौकीदाराची पोस्ट गेली. धर्मपाल एकटा उरला.

"त्याची पोरगी होती, चेतना. एकोणीस वर्षांची. वरतं बसून अभ्यास करे. जन्मापासून तिले आयकू येत नव्हतं. बंद करायच्या टायमाले बाकीच्यांले आवाज दिला की झालं. तिले आवाज काय कामाचा? मंग धर्मपाल या बोर्डावरून वरचे ट्यूबलाइट दोनदा बंद-चालू करे. ती जिन्याच्या डोक्यावरचा बल्ब एकदा बंद-चालू करे. म्हणजे, हव, आले." काकाजींच्या बोलीत हव म्हणजे हो.

"काकाजी, इसी बोर्ड से?" दीदीने हळूच विचारलं.

काकाजींनी तिच्याकडे पाहिलं नाही. "अशाच बोर्डावरून."

रोज कुलूप लावायच्या आधी काकाजी आम्हाला बाहेर पाठवायचे आणि वरचे दिवे दोनदा बंद-चालू करायचे. आम्हाला वाटायचं, म्हातारपणाची सवय.

"तवा लायब्ररी साडेसातले बंद होई. मंग ती माया नावाच्या मैत्रिणीसंग पुरानी बस्तीत घरी जाई. त्या दिवशी साडेसातच्या आधीच ट्रान्सफॉर्मर उडाला. बत्ती गुल. पोट्टे चाचपडत उतरले. धर्मपालनं अंधारात टोकन घेतले अन् खिशात टाकले. खिळे पाहिले नाई, खुंट्या पाहिल्या नाई. वाटलं, पोरगी मायासंग गेली असन. तरी जिन्याखाली उभा रायला अन् आवाज दिला. कोणी हाय का? तीनदा."

त्यांनी वर, जिन्याकडे पाहिलं.

"बाप असून... आवाज दिला."

बाहेर एक रिक्षा गेली. मग तीही ऐकू येईनाशी झाली.

"तिचा डोळा लागला होता. कोपऱ्यात, टेबलावर डोकं ठेवून. यानं जिन्याखालच्या लोखंडी जाळीच्या चॅनल गेटले कुलूप लावलं. किल्ली शंकर नगरले दिली. घरी गेला तर कमला दारातच. म्हणे, चेतना कुठं हाय? मायाच्या घरी गेला. माया तापानं पडली होती, लायब्ररीत गेलीच नव्हती. सायकल मारत परत शंकर नगर. साहेब लग्नाले गेलेले. साडेअकराले आले. किल्ली भेटली."

काकाजींच्या बायकोचं नाव कमला आहे. आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

"दम्याची पोरगी. दम्याचा पंप बॅगीत. बॅग खुंटीले. खुंटी गेटापासून दोन हात. गेटातून तिचा हात... बाहेर..."

दीदी रडत होती.

"टोकन?" मी विचारलं. त्या रात्री मी बोललो तो एवढाच शब्द.

"नाई सापडलं. मुठीत नाई. कपड्यात नाई. एकतीस नंबर."

"मंग?" यशदीपचा आवाज बारीक झाला होता.

"महिन्याभरानं बंद करताना धर्मपालचा हात सवयीनं बटणावर गेला. दोनदा बंद-चालू केलं. अन् वरचा बल्ब... वीस वर्षं झाले. रोज. तो बोलावते, ती हव म्हणते. तो गेट धरून उभा रायते. बावीस पायऱ्या हायेत. ती गेटापर्यंत येते. भायेर नाई येत."

त्यांनी बोर्डावरून हात फिरवला.

"उद्या हा बोर्ड निघते. टायमरचे दिवे लागणार. साडेआठले आपोआप बंद. मंग तिले कोण सांगन?"

यशदीप मोबाईलकडे पाहत होता, पण मोबाईल बंद होता. मला 'मी' म्हणायचं होतं. म्हणता आलं नाही. माझं लहानपणापासून असंच आहे. शाळेत उत्तर येत असलं तरी उभं राहवत नसे.

काकाजी उठले. आठ चाळीस झाले होते. या वेळी त्यांनी आम्हाला बाहेर जा म्हटलं नाही.

बटण बंद. चालू. बंद. चालू.

वर कोणी नव्हतं. मी स्वतः सगळी टेबलं पाहून आलो होतो.

काही झालं नाही.

मग जिन्याच्या डोक्यावरचा बल्ब गेला...

आला.

दीदीने माझी बाही घट्ट धरली. पावलांचा आवाज नव्हता. काहीच आवाज नव्हता. काकाजी गेट धरून उभे. ओठ हलत होते. पायऱ्या मोजत होते. मग ओठ थांबले. मान थोडी खाली झाली, आपल्यापेक्षा बुटक्या माणसाकडे पाहावं तशी.

"चाल, बेटा," ते म्हणाले. "आज तरी चाल."

...

"लाव आता," ते मला म्हणाले. गेट ओढून ते बाजूला झाले. मी लावलं.

किल्ली शंकर नगरला देऊन घरी गेलो. झोप आली नाही.

सकाळी साडेसातला किल्ली घेऊन मी एकटाच आलो. दार उघडलं. चॅनल गेटचं कुलूप मी लावलं तसंच होतं. माझी खुर्ची बोर्डाखाली असते. खुर्चीवर टोकन पडलं होतं.

एकतीस.

कडेने पितळ काळं झालेलं. मधे मात्र घासून चकचकीत, जसं कोणी ते वर्षानुवर्षं मुठीत धरलं असावं.

मी ते घेऊन खिळ्यासमोर उभा राहिलो. पण लावलं नाही. टोकन खिळ्याला लागलं म्हणजे वाचक घरी गेला. ती गेलेली नव्हती. मी ते शर्टाच्या खिशात ठेवलं.

आठला इलेक्ट्रिशियन आला. स्टूल लावून बोर्ड खोलू लागला.

"हे एक बटण राहू द्या," मी म्हटलं.

"क्यों भैया? टाइमर लग रहा है ना."

"वर एक जण असते. तिले टायमर समजत नाई."

तो हसला, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि हसायचा थांबला. ते बटण त्याने तसंच राहू दिलं.

तो गेल्यावर मी काकाजींना फोन लावला. त्यांनी उचलला.

"काकाजी," मी म्हटलं, "मी करीन. रोज."

नुसता श्वास ऐकू येत होता. मी फोन कानाला लावून उभा राहिलो, बावीस पायऱ्या उतरायला लागतो तेवढा वेळ.

मग ते म्हणाले, "हव."