एकोणीसची गोटी

दातांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना बुधवारी दुपारनंतर बंद असायचा, आणि बुधवारी दुपारनंतर बाई गोट्या बघायला निघायच्या. पोरांच्या खेळण्यातल्या गोट्या नव्हेत. गॅरेजमधला मेकॅनिक नटाच्या डोक्यावर जी पोलादी टोपी चढवतो आणि वरून दांडी फिरवून नट सोडवतो, ती गोटी. अशा वीस-पंचवीस गोट्या, त्या फिरवायची कर्रकर्र वाजणारी एक मूठ म्हणजे रॅचेट, दोन दांड्या, सगळं पत्र्याच्या पेटीत आपापल्या खाचेत बसलेलं. असा जुना सेट कुठे आहे असं कानावर आलं की बाईंना तहानभूक आठवत नसे.

"लोकांच्या बायका हिऱ्यांचे सेट मागतात," त्यांचे यजमान चारचौघांत सांगायचे. "आमच्याकडे गंजका आणला तरी चालतो. उलट गंज नसला तर संशय घेतात."

ते खरंच होतं. दात अंगचा की बसवलेला, हे ओळखण्यात बाईंची तीस वर्षं गेली होती, आणि गोट्यांच्या पेटीकडेही त्या जबड्याकडे पाहावं तशाच पाहायच्या. पेटीतल्या सगळ्या गोट्या एकत्र म्हाताऱ्या झालेल्या हव्यात. एखादीच जास्त चकाकत असेल, तर ती मागाहून आली. आकड्यांचं वळण कंपनीचंच आहे का, मुलामा नंतर चढवलाय का, खाचेतला डाग त्याच गोटीच्या बुडाचा आहे का, हे त्या भिंग लावून, दात तपासायचा छोटा आरसा आत घालून बघायच्या. विकणाऱ्याला घाम फुटायचा.

त्या बुधवारी त्या गेल्या एका मिस्त्रीच्या गॅरेजवर. मिस्त्री वारून दोन वर्षं झाली होती. गॅरेज बंदच होतं, आणि त्याच्या बायकोने, म्हणजे मावशींनी, स्वतः फोन करून बोलावलं होतं. "लेक म्हणते, सगळं आवर आणि माझ्याकडे राहायला ये. बाकीचं गेलं. एवढी एक पेटी राहिलीय. ती काही केल्या जात नाही."

"जात नाही म्हणजे?" बाईंनी विचारलं होतं.

"या तर खरं," मावशी म्हणाल्या होत्या.

मावशी दारातच उभ्या होत्या. ठेंगण्या, हसऱ्या, हातात किल्ल्यांचा जुडगा. दुपारचे तीन वाजले होते, बाहेर लख्ख ऊन होतं. पण गॅरेजचं सरकतं दार उघडून आत पाऊल टाकलं आणि ऊन उंबऱ्यावरच थांबलं. काचांवर वर्षानुवर्षांची काजळी होती. जुन्या तेलाचा, रबराचा, थंड लोखंडाचा वास होता. मधोमध गाडीखाली उतरून काम करायचा लांबट खड्डा होता आणि त्यावर फळ्या टाकलेल्या होत्या. मधली एक फळी तेवढी नव्हती.

"तीन जण येऊन गेले बघा," मावशी खालच्या आवाजात म्हणाल्या. "तिघेही म्हणाले, शंभर टक्के अस्सल. आणि तिघांच्याही बोटांवर पेटीचं झाकण पडलं. एकाचं नखच गेलं. पळाला तो, भिंगसुद्धा इथेच टाकून."

"बिजागरी सैल असेल," बाई हसत म्हणाल्या.

"असेल," मावशी म्हणाल्या, पण हसल्या नाहीत.

खिडकीखालच्या टेबलावर हिरवी पेटी होती. बाईंनी झाकण उघडलं आणि त्यांच्या तोंडून नकळत 'अहाहा' निघालं. कंपनी बंद पडून पन्नास वर्षं झाली असतील. पण पेटीतला मूळ तांबडा रंग शाबूत होता, रॅचेटच्या मुठीवरची नक्षी एका बाजूने झिजलेली होती, उजव्या हाताच्या अंगठ्याने झिजते तशी. बाईंनी पिशवीतून भिंग काढलं, आरसा काढला आणि स्टूल ओढून बसल्या. आठ, नऊ, दहा, अकरा. एकेक गोटी उचलायची, फिरवायची, आत बघायचं, उलटी ठेवायची. काम सुरू झालं की बाईंना जगाचा विसर पडे. दवाखान्यात मदतनीस मागे उभी असते आणि त्या मान वर न करता नुसता हात मागे करतात, तशी सवयच झालेली.

खड्ड्यातून आवाज आला. कर्रर्र... कर्रर्र... कट.

"उंदीर असतील," बाई पुटपुटल्या. सतरा. अठरा. दोन्ही अस्सल. डोळा भिंगाला तसाच लावलेला, आणि त्यांनी सवयीने डावा हात मागे केला. "पुढची..."

तळहातावर गोटी आली.

बाईंनी ती भिंगाखाली धरली. एकोणीस. पण गोटी उबदार होती. थंडगार शेडमध्ये बाकी सगळं लोखंड बर्फासारखं, आणि ही आत्ताच कुणाच्या तरी मुठीतून सुटल्यासारखी उबदार...

"मावशी, तुम्ही कशी बरोबर ओळखलीत हो, एकोणीसची?"

"काय म्हणालात?"

आवाज दुरून आला. बाईंनी मान वर केली. मावशी पार दारात होत्या, पाठमोऱ्या, उन्हात किल्ल्या निवडत. मध्ये दहा-बारा पावलांचं अंतर, आणि तो खड्डा.

बाईंच्या मानेवर काटा आला. मागे बघावं की बघू नये... पाठीशी कुणीतरी उभं आहे, हे डोळ्यांनी बघावं लागत नव्हतं. तेलाचा वास एकदम दाट झाला होता. श्वास मात्र ऐकू येत नव्हता. फक्त वाट बघितली जात होती. एखादा पेशंट आ करून बसतो आणि डॉक्टर काय सांगतात याची वाट बघतो, तशी.

बाई उठून पळाल्या असत्या. पण हातात गोटी होती आणि गोटी भिंगाखाली होती, आणि भिंगाखालचं अर्धवट सोडणं हे बाईंच्या स्वभावातच नव्हतं. त्यांनी बघितलं. आणि बघता बघता भीती जरा मागे सरकली.

रंग बरोबर होता. झीज बरोबर होती. कंपनीची खूणसुद्धा जशीच्या तशी होती. पण आतले सहा कोपरे यंत्राने कापलेले नव्हते, कानशीने घासलेले होते. आणि तो इंग्रजी नऊ! कंपनीच्या नवाची शेपटी सरळ असते, पेटीतल्या नऊच्या गोटीवर होतीच. हा नऊ म्हणजे उलटा ठोकलेला सहा होता. हातोडीने आकडे उठवणारा माणूस सहाचाच ठसा उलटा धरून नऊ करतो. ही गोटी कुणीतरी हाताने बनवली होती, आणि एवढी सुंदर बनवली होती की तीन जाणकार फसले.

मावशी जवळ आल्या होत्या. "काय? अस्सल ना सगळं? ह्यांनी चाळीस वर्षं जपलाय तो सेट. कुणी हात लावलेला खपायचा नाही."

बाईंची पंचाईत झाली. म्हातारीचा इतका विश्वास, तो कसा मोडायचा? 'हो' म्हटलं की सुटका होती. पण झाकणावर त्यांची बोटं होती, आणि झाकण... किंचित... हललं.

"मावशी," त्या म्हणाल्या, "एक सोडून. ही एकोणीसची कंपनीची नाही. हाताने घडवलीय. राग मानू नका, पण मी खोटं सांगणार नाही. आणि हेही खोटं नाही, की इतकं देखणं काम मी आजवर पाहिलेलं नाही."

मावशींनी गोटी हातात घेतली. बराच वेळ फिरवून बघितली. मग मटकन बाजूच्या खोक्यावर बसल्या आणि हसायला लागल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"लबाड कुठले!" त्या खड्ड्याकडे बघून म्हणाल्या. "अहो बाई, लग्नाचं पहिलंच वर्ष होतं. खिडकीचा पडदा फार उडायचा, म्हणून मी ही गोटी त्याच्या टोकाला बांधली. मला काय कळतंय? सुटली आणि गटारात गेली. दोन दिवस मी रडले, जेवले नाही. तिसऱ्या दिवशी हे गोटी घेऊन आले. म्हणाले, 'सापडली बघ, गटार साफ करणाऱ्याने आणून दिली.' चाळीस वर्षं मी त्या गटारवाल्याला दुवा देतेय!"

बाईंनाही हसू आवरेना. मघाच्या भीतीचं ओझं उतरलं आणि दोघी बायका त्या अंधाऱ्या शेडमध्ये पोट धरून हसल्या. तेलाचा तो दाट वास विरत विरत गेला.

"आपलं काम कुणीतरी ओळखावं म्हणून अडून बसले होते," मावशी पदराने डोळे पुसत म्हणाल्या. "बाई, पेटी तुमची. पण ही एवढी मला राहू दे."

सेटमधली एक गोटी गेली की जमवणाऱ्याच्या दृष्टीने त्याची शोभाच जाते. बाईंनी रिकाम्या खाचेकडे एकदा बघितलं. "तुमचीच आहे ती," त्या म्हणाल्या.

निघताना मावशी खड्ड्याशी वाकल्या आणि कामावर निघालेल्या नवऱ्याला सांगावं तशा म्हणाल्या, "ऐकलंत का? बाई जाणकार आहेत. आता काळजी करू नका, निवांत जा." बाईंनी झाकण लावलं. ते अलगद बसलं.

गुरुवारी सकाळी स्वयंपाकघरातला नळ गळायचा थांबलेला होता. शुक्रवारी यजमानांची डुगडुगणारी खुर्ची ठाम उभी राहिली. शनिवारी कपाटाचं लोंबणारं दार सरळ झालं आणि यजमान बेहद्द खूश झाले. "तुझी ही पेटी पायगुणाची आहे हं! माझ्या डोक्याचा एक स्क्रू ढिला आहे असं तू म्हणतेस, तेवढं बघायला सांग."

बाई हसल्या. पण यजमान बाहेर गेल्यावर त्यांनी पेटी उघडली. दहाच्या गोटीला ताजं तेल लागलेलं होतं. त्यांनी मावशींना फोन लावला.

"ढिलं काही दिसलं की ह्यांना राहवायचं नाही," मावशी लेकीच्या घरून उत्साहात म्हणाल्या. "पाहुण्यांच्या घरी गेले तरी खिशात पाना असायचा. तिथे करमलं म्हणायचं त्यांना! गॅरेजात तर तुम्ही गेल्यावर, मी निघेपर्यंत, चिडीचूप होतं. चांगले आहेत हो, कुणाला त्रास द्यायचे नाहीत."

खरंच, त्रास काय होता? बाईंनी मनाशी म्हटलं, फुकटचा मेकॅनिक मिळाला, बरंच झालं.

रविवारी दुपारी जेवण झाल्यावर त्या जरा आडव्या झाल्या. डोळा लागला. जाग आली तेव्हा चार वाजले होते, खिडकीतून ऊन बिछान्यावर आलं होतं, शेजारच्या खोलीत यजमान पेपर वाचत होते. सगळं छान होतं. बाईंनी सवयीने जीभ उजव्या दाढेवर फिरवली.

ती दाढ बसवलेली होती. हाडात रोवलेला खिळा, त्यावर बारीकसा स्क्रू, त्यावर दाढ. पंधरा दिवसांपासून स्क्रू ढिला झाला होता आणि दाढ हलत होती. दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊन आ करायचा त्यांना कंटाळा होता, म्हणून कुणाला सांगितलंसुद्धा नव्हतं. यजमानांनाही नाही.

दाढ हलत नव्हती. पक्की बसली होती.

जिभेवर तेलाची चव होती. बाई उठून आरशाशी गेल्या. हनुवटीच्या खाली, पेशंटचं तोंड उघडं धरताना त्या स्वतः जिथे धरतात, बरोबर तिथे, एका अंगठ्याचा काळा ठसा होता... अजून ओला.