भरवशाची जीभ

गुरुवारी दुपारी बारा वाजून चाळीस मिनिटांनी छापखान्याच्या कॅन्टीनमध्ये मुद्रितशोधकाने वाटीभर सूप संपवलं आणि तो म्हणाला, "आजचं तर... फारच छान!"

वाटीत मिठाचा कणही नव्हता. स्वयंपाकिणीने तो मुद्दामच घातला नव्हता.

त्याच्या 'छान'बद्दल तिला सोमवारपासून संशय होता. तपासणीत छापखान्यातल्या निम्म्या लोकांचा रक्तदाब वाढलेला निघाला, तेव्हा मॅनेजरांनी तिला कामावर घेतलं. नऊ आठवडे ती मीठ आणि तेल थोडं थोडं कमी करत आली होती. बदल्यात लिंबू, मिरपूड, खरपूस भाजलेला लसूण. आज मॅनेजर स्वतः जेवायला येणार होते. पसंत पडलं तर नोकरी कायम. नाही तर जुना कंत्राटदार परत, तेलाच्या तवंगासकट.

आणि हे सगळं तिने केलं होतं रोज सगळ्यांआधी चव घेणाऱ्या या एका माणसाच्या जिभेच्या भरवशावर. लोकांच्या चुका डोळ्यांत तेल घालून शोधणारा हा गृहस्थ. नऊ आठवड्यांत त्याची एक तक्रार नसावी?

"नक्की छान?"

"अगदी." नजर वाटीत नव्हतीच.

"त्यात मीठच नाहीये."

त्याचे कान लाल झाले. भाजी चिरणाऱ्या मावशी खुदकन हसल्या. "अगं, तू कोमट पाणी दिलंस तरी तो मिटक्या मारेल! मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"मला कुणी विचारलं?"

ती त्याच्याकडे वळली. "तुमच्या 'छान'वर मी एकशे ऐंशी माणसांचं जेवण ठरवलं! प्रुफात सोडाल अशी चूक?"

"नाही. पण प्रूफ मला 'कसं झालंय?' असं विचारत नाही ना... तुमच्यासारखं."

तिने येणारं हसू दाबलं. मोठ्या पातेल्यातून पळीभर सूप वाटीत ओतलं. "डोळे मिटा. आता खरं सांगा."

त्याने घोट घेतला. वेळ लावला.

"आधी अळणी लागतं. मग लिंबू येतं, लसूण येतो... आणि मिठाची आठवण राहत नाही. खरंच."

"हेही माझ्यासाठीच?"

"डोळे मिटले होते मी!"

"आणि मिटल्यावर समोर कोण होतं?"

त्याने वाटी पुन्हा तोंडाला लावली.

एकला जेवणाची घंटा झाली. सव्वाला मॅनेजरांनी दुसरी वाटी मागितली. मीठदाणीही जवळ ओढली. ती त्यांनी उचलली की नाही, गर्दीत कुणाला दिसलं नाही. दीडला ते नोकरीचा निर्णय न सांगताच वर गेले.

मुद्रितशोधक वाढपाच्या खिडकीशी रेंगाळला. "उद्या डबा मी करून आणतो. चव तुम्ही सांगा. खरी."

"खरी झेपेल?"

"बघू..."

तिने हो म्हटलं नाही. नाहीसुद्धा म्हटलं नाही. तो गेल्यावर मावशींना एवढंच सांगितलं, "उद्या भाजी मागच्या दारात बसून चिराल का?"