आवळलेली नाकपट्टी

बर्फ पडायच्या आत डाकेची थैली घोड्यावरून खिंडीपलीकडच्या चौकीत पोचवायची! जो पोचवेल, त्याच्या घोड्यांना पुढे कायमचं डाकेचं काम. एवढ्यासाठी दोघे भाऊ आणि धाकट्याची बायको भल्या सकाळी निघत होते. बायको लगाम-खोगिरं शिवायची, म्हणून सगळे तिला खोगीरवालीच म्हणत.

वाट कड्यावरची. अशा वाटेला खात्रीचं जनावर एकच, तिची तांबडी घोडी. शिंगरू असल्यापासून तिनेच वाढवलेली. आणि तांबडीवर बसणार कोण? थैली घेऊन थोरले दीर! आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय! ती स्वतः तट्टावर जाणार होती.

तबेल्यात खुंटीवर दोन लगाम होते. एक तिने शिवलेला, तेल पाजून मऊ केलेला. दुसरा थोरल्याने बाजारातून आणलेला, कोऱ्या कच्च्या चामड्याचा, चकचकीत बकलाचा. त्याने दुसराच चढवला आणि नाकाजबड्याभोवतीची नाकपट्टी करकचून आवळली.

"भाऊजी, पट्टीखाली दोन बोटं शिरली पाहिजेत."

"शिरतायत की!" त्याने गालाच्या बाजूने बोटं घालून दाखवली. तिथे कुणाचीही शिरतील, तिथे खळगाच असतो.

"तिथे नाही, नाकाच्या हाडावर बघा. आणि कोरं चामडं भिजून वाळलं की आणखी आकसतं. वाटेत ओढा आहे."

"तोंड उघडता आलं की घोडी लगाम जुमानत नाही. कड्यावरून पडू का मी?"

पालथ्या घड्यावर पाणी! तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो आपल्या घोड्याचं खोगीर आवळत होता. "जाऊ दे ना," एवढंच पुटपुटला.

ओढा दुथडी भरला होता. घोडी नाकापर्यंत बुडाली, पण पार झाली. पलीकडे झाडी संपली, उघडा खडक सुरू झाला आणि वरून असा कोरडा, बोचरा वारा सुटला, की अंगावरचे कपडे चढता चढताच वाळले. पट्टीही वाळली.

कड्याची वाट जेमतेम घोडा आणि शेजारी एक माणूस मावेल एवढी रुंद. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला खोल दरी. तांबडी मान झटकू लागली. श्वास घरघरू लागला. थोरल्याने लगाम ओढला. ती मागे सरली. त्याने आणखी ओढला. मागचा खूर सुटला! दगड दरीत गेले!

"ओढू नका! उतरा!" खोगीरवाली मागून ओरडली.

थोरला भिंतीकडून कसाबसा घसरत उतरला. खोगीरवालीने तट्टावरून उतरून चामडं कापायची रापी काढली आणि ती घोडीच्या पुढ्यात शिरली.

"पट्टी कापशील तर घोडी हातची जाईल!" थोरला ओरडला.

तिने कापली. तांबडीचा जबडा उघडला. रक्ताळलेला फेस पडला, एक मोठा श्वास आत गेला. घोडीने मान खाली घातली आणि थरथरत चारही पायांवर उभी राहिली. नाकावर लाल चरा पडला होता. खोगीरवाली तिच्या गळ्यात पडून रडली.

"झालं रडून? चला पुढे," थोरला म्हणाला.

"माझी घोडी आता पुढे येणार नाही. आणि तुम्हीही चला माघारी," ती नवऱ्याला म्हणाली.

नवऱ्याने भावाकडे पाहिलं. वळणावरच्या रुंद जागी थोरल्याने थैली नवऱ्याच्या घोड्यावर चढवली, स्वतः तिच्या तट्टावर मांड टाकली. दोघे खिंडीकडे गेले. ती तांबडीला गळ्यातल्या दोरीने धरून एकटी उतरली. ओढ्याला पाणी वाढलं होतं. घोडीच्या आयाळीला धरून ती पार झाली.

बर्फाआधी दोघे परतले, काम मिळवून! नवरा हसतमुखाने तबेल्यात आला. ती तांबडीच्या नाकाला मलम लावत होती.

"दादा म्हणतो, आता पुष्कळ लगाम लागतील. तसलेच, घट्ट पट्टीचे. तू शिवशील ना?"

"नाही."

"अगं, आपल्या घरचं काम आहे."

"कड्यावर घोडी मरत होती, तेव्हा तुम्ही कुठे होतात? तिच्या तोंडाला पट्टी होती हो. तुमच्या तोंडाला काय झालं होतं?"

ती थांबली. खरंच थांबली, उत्तरासाठी.

बाहेरून थोरल्याने हाक मारली. नवरा "आलो" म्हणाला आणि गेला.