सात अक्षरांचं फूल

बुधवारी दुपारी मंगळवार पेठेतल्या दाताच्या दवाखान्यात तो गाल धरून शिरला, तेव्हा तेजस्वी काउंटरवर इंग्रजी पेपरातलं कोडं भरत होती. सात अक्षरं दिलेली असायची. त्यांतून होतील तेवढे इंग्रजी शब्द शोधायचे. तिचा रकाना काठोकाठ भरला होता.

"एवढे शब्द? माझी गाडी दहा-बाराच्या पुढं जात नाही," तो म्हणाला.

"सवय आहे," तेजस्वी म्हणाली.

सवय होती ती मोबाइलची. एका वेबसाइटवर अक्षरं टाकली की शब्दांची यादीच समोर यायची. उचगावच्या मराठी शाळेत शिकलेल्या तेजस्वीला त्यातले निम्मे शब्द धड वाचताही येत नसत. पण इंग्रजी बोलणाऱ्या पेशंटांसमोर कमीपणा वाटू नये म्हणून ती रोज कोडं भरायची आणि पेपर दिसेल असा ठेवायची.

रजिस्टरमध्ये तिनं नाव लिहिलं... डॉ. गुरुप्रसाद. कसला डॉक्टर, ते विचारायचं राहूनच गेलं. त्यानं मात्र विचारलं, "तुम्ही इथल्याच?"

"मागच्याच गल्लीतली. बाबा प्रोफेसर आहेत."

हे तोंडातून कसं गेलं, तिचं तिलाच कळलं नाही.

त्याच्या दाताचं काम चार बुधवार चाललं. येताना तो चिठ्ठीवर सात अक्षरं लिहून आणायचा, ती काउंटरवर सरकवायचा आणि आत जायचा. बाहेर येईपर्यंत यादी तयार. बधिर झालेल्या ओठानं तो वाकडंतिकडं हसायचा, आणि त्या हसण्यानं तेजस्वीला जेवढं बरं वाटायचं तेवढीच खाली मान घालावीशी वाटायची.

चौथ्या बुधवारी तो आत गेलाच नाही. काउंटरवर कोपर टेकून उभा राहिला. "आज माझ्यासमोर."

चिठ्ठीवर ए, ई, आय, एन, आर, एस, टी. तेजस्वी पेन शोधायच्या निमित्तानं ड्रॉवरवर वाकली आणि आतल्या मोबाइलवर बोटं फिरवून वर आली. "ट्रेन... रेन... स्टेन..." मग सातही अक्षरांचा एक भारी शब्द तिनं शेवटी टाकला. "अ‍ॅनेस्ट्री."

तो काउंटरवर आणखी वाकला. "याचा अर्थ काय हो?"

"फूल असतं," ती म्हणाली. "डोंगरात उगवतं."

"रंग?"

"जांभळा."

त्याला ठसका लागला. रुमाल तोंडाशी धरून तो म्हणाला, "एकदा बघायला पाहिजे," आणि आत गेला.

पुढच्या रविवारी उचगावात तेजस्वी गोठ्यात म्हशीचं दावं धरून उभी होती. म्हैस व्यायल्याला पाच महिने झाले तरी माजावर येत नव्हती, म्हणून आईनं दूध संस्थेच्या डॉक्टरांना बोलावलं होतं. तेजस्वी आईला आक्काच म्हणायची. नेहमीचे डॉक्टर रजेवर होते. फटफटी थांबली आणि गमबूट घातलेला गुरुप्रसाद आत आला.

तेजस्वीच्या हातून दावं सुटलं. शेणानं भरलेल्या हातांनी आक्का शेजारीच उभी होती. तेजस्वी तिच्यापासून दोन पावलं लांब सरकली.

त्यानं ते बघितलं. खांद्यापर्यंत हातमोजा चढवून म्हैस तपासली, सुई टोचली, कार्ड लिहायला घेतलं.

"माझ्या लेकीला इंग्रजीतनं सांगा की," आक्का कौतुकानं म्हणाली. "पेठंत दवाखान्यात असती. तिला समदं येतंय."

"कार्डावर लिहिलंय," तो म्हणाला. "वीस दिवसांनी परत येतो." आणि चहा न घेताच गेला.

कार्डावर लिहिलं होतं, अ‍ॅनेस्ट्रस. पुढं मराठीत, म्हैस माजावर न येणे. तिचं डोंगरातलं जांभळं फूल म्हणजे हे.

तेजस्वीच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. पण दिवस गेले तशी त्या फुलाची लाज ओसरली. ती दोन पावलं मात्र जाईनात. भाकरी वाढताना आक्काचा हात दिसला तरी तिला घास गिळवेना.

विसाव्या दिवशी तिनं सुट्टी टाकली. बाहेर बारीक भुरभुर होती. तो आला तेव्हा मोबाइल घरात ठेवून ती एकटीच म्हैस धरून उभी होती. हात शेणानं भरलेले, कपाळावर घाम.

"ते शब्द माझं नव्हतं," ती म्हणाली. "मोबाइलवर शोधत होते."

"माहीत आहे."

"कधीपास्नं?"

"फुलाला रंग आला तेव्हापासून."

ती हसली नाही. "गल्ली बी खोटी, प्रोफेसर बी खोटं. बाबा जाऊन सात वर्षं झाली. ही म्हस अन् आक्का, एवढंच हाय आमचं. आन् तुम्ही आलासा तवा मी आक्कापास्नं लांब सरकले... त्याची लाज वाटती. शब्दांची न्हाय."

तपासणी आटोपून त्यानं हातमोजा उतरवला. "शब्दाचं मला हसू आलं होतं. पण तुम्ही सरकलात ते लागलं. मी रोज गोठ्यातच असतो हो. वाटलं, माझ्यापासूनही अशाच सरकाल."

"सरकले तर म्हस कोण धरंल?"

आता तो हसला. ओठ बधिर नव्हता, हसू सरळ होतं. "मग तीच सात अक्षरं. मोबाइल नाही."

तेजस्वी बराच वेळ छताकडं बघत राहिली. "टी... म्हंजे चहा. ईट. सीट." ती अडखळली, लाल झाली. "तीनच झालं."

"तीन झाले," तो म्हणाला, आणि तिच्या हातातलं दावं त्यानं आपल्या हातात घेतलं. तिची बोटं त्याच्या बोटांखाली तशीच राहिली.

आक्का कपबशी घेऊन दारात आली. "पावणं, मागच्या बारीला तसंच गेलासा. आज च्या घेतल्याबगर सोडत न्हाय."

"पावणं नका म्हणू, मावशी," गुरुप्रसाद म्हणाला.

"मग काय म्हणू?"

त्यानं तेजस्वीकडं पाहिलं. ती सरकली नाही. आक्काच्या हातातली कपबशी घेऊन तिनं त्याच्या पुढं धरली.

"त्यांच्या आईबाबांस्नी घेऊन येतील, मग ठरवू की काय म्हणायचं ते," ती म्हणाली.

आक्का एकदा लेकीकडं बघत होती, एकदा डॉक्टरांकडं.

"पुढच्या रविवारी आणतो," गुरुप्रसाद म्हणाला आणि चहाचा घोट घेतला.