बाटलीतलं पाणी निवळलं कसं?

विनी धापा टाकत आत आली आणि तिने सॅन्टनच्या टेबलावर एक अहवाल आणि प्रयोगशाळेतून परत आलेली पाण्याची बाटली ठेवली.

"प्रयोगशाळेनं गावच्या विहिरीचं पाणी चांगलं ठरवलंय. माझ्या नवऱ्याच्या बोटांना त्याच पाण्यानं भोकं पडलीत! आणि आता लग्नाच्या जेवणाला तेच उपसतायत."

साल १९८४. नालासोपाऱ्यात खाजगी गुप्तहेर म्हणून सॅन्टनचा दबदबा होता. त्याचा मित्र श्रीपत अहवाल वाचू लागला. "क्रोमियम भरपूर. पण जहाल असतं ते सहा संयुजेचं, ते अजिबात नाही. सगळं तीन संयुजेचं. ते फारसं बाधत नाही."

सॅन्टनने बाटली उजेडात धरली. पाणी नितळ होतं.

"आणि विहिरीतलं?"

"पिवळं. शेजारी क्रोमियमचा मुलामा द्यायची शेड आली तेव्हापासून. पण अहवाल आल्यावर सगळे म्हणतात, पिवळेपणा मातीचा."

"कुणीतरी चांगलं पाणी भरून बाटली बदलली," श्रीपत म्हणाला.

"मग त्यात एवढं क्रोमियम कुठून आलं?" सॅन्टनने विचारलं.

तिघे गावात पोचले. शेडमधला कामगार एडवर्ड विहिरीपाशीच भेटला. "बाटली मीच भरली, सगळ्या गावादेखत. पिवळंधमक पाणी होतं. तिथंच कंपाउंडर पॉलच्या हातात दिली. तोच मुंबईच्या प्रयोगशाळेत घेऊन गेला."

"शेडचाच माणूस," श्रीपत कुजबुजला.

दवाखान्यात कंपाउंडर पॉल एका रडक्या पोरीला आंबट गोळी देत होता. "क जीवनसत्त्व आहे, चघळ." मग तो सॅन्टनकडे वळला. "बाटली मिळाली तशी पोचवली. पाणी तेव्हाही नितळच होतं."

"शेडची जागा कुणाची?"

"माझी. त्याचं काय?"

"काही नाही. चार गोळ्या द्या, आणि विहिरीवर चला."

विहिरीवर माणसं गोळा झाली. सॅन्टनने पेल्यात पिवळं पाणी घेतलं, गोळ्या चुरडून टाकल्या, ढवळलं. हळूहळू पिवळा रंग विरला.

"क जीवनसत्त्वानं सहा संयुजेचं क्रोमियम तीन संयुजेचं होतं. क्रोमियम तेवढंच राहतं, रूप बदलतं. प्रयोगशाळा खोटं बोलली नाही, तिच्याकडे पाणीच तसं गेलं. भरताना बाटली पिवळी होती, तुम्ही सगळे साक्षीदार. एडवर्डनं ती तिथंच दिली. पुढे ती एकाच माणसाकडे होती. गोळ्याही त्याच्याच हाताशी. आणि विहीर विषारी ठरली असती, तर त्याच्याच जागेवरची शेड उठली असती, भाडं बुडालं असतं."

पॉल पेल्याकडे बघत म्हणाला, "मला वाटलं, असलं पाणी कुणी पिणार नाही... फक्त वाडीला घालतील..."

विनी केव्हाच मांडवाकडे धावली होती. तिने पाण्याची पिंपं कलंडवली.

"कोण कोण प्यायलं? हात वर करा!"

चार चिमुकले हात वर झाले. सगळ्यांत पुढे पॉलची मुलगी मार्गारेट उभी होती.

"डॉक्टर!" गर्दीतून वाट काढत कंपाउंडर पॉल किंचाळत होता. "कुणीतरी डॉक्टर आणा!"