शेवंतीचा दिवा

पैज लागली ती सोमवारी सकाळी, गेणूच्या सलूनसमोरच्या बाकड्यावर, चहा यायच्या आधी. चहा पिऊन लावली असती तर मी जरा तरी डोकं चालवलं असतं.

"सुभाषभाऊ, ते मेलेलं नाय," परवेज म्हणला. "त्याला दिवा बरोबर मिळंना, एवढंच."

"आरं दगड हाय तो! दगडाला काय दिवाळी कळती?"

गेणू वस्तरा पुसत दारात आला. फुकटची करमणूक तो सोडत नाय.

परवेज माझा शेजारी. त्याचं गाद्यांचं दुकान, माझं इलेक्ट्रिकचं, मधी एक भिंत. दुकानामागं त्याचं घर, आन् त्या घरात, जुन्नरच्या भर पेठेत, चार फुटाची काचेची टाकी. खाऱ्या पाण्याची! समुद्र कुठं, आमी कुठं. पण गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर त्याची आई, अनवरीचाची, खुर्चीला खिळली आन् तिला मोबाईलवर समुद्र बघायचा नाद लागला. मग या गड्यानं मुंबईच्या दुकानातनं मीठ, पंप, दोन मासे आन् एक कोरल आणलं. कोरल म्हंजे दगडाला चिकटून ऱ्हाणारा जिता जीव. मिटलेला असला की जांभळं गोणपाट. उघडला की त्यातनं शेकडो हिरवी फुलं बाहेर येत्यात, नखाएवढी, बारक्या शेवंतीसारखी. चाची दिवसभर समोर बसायची. बाही वर सारून पाण्यात हात घालायची, आतनं काच पुसायची, त्या फुलांशी गप्पा मारायची.

पाच महिन्यांपूर्वी चाची गेली. त्या दिवशी कोरल मिटलं ते मिटलंच.

तवापासनं परवेजनं माझं डोकं खाल्लं व्हतं. रोज नवा व्हिडिओ, रोज नवा दिवा. पांढरा का निळा, किती वॅट, किती इंच वर टांगायचा. माझ्याकडं गिऱ्हाईक उभं असलं तरी हा मोबाईल नाकासमोर धरायचा. वर दिवा एक मिनिट बंद पडू नये म्हणून इन्व्हर्टर बसवून घेतला. मी वैतागलो व्हतो, राव.

"चल, पैज," मी म्हणलो. "येत्या रविवारी, बाजार भरल्यावर, हितंच गेणूच्या दारात, सगळ्यांसमोर ते उघडलेलं दाखव. दाखवलंस तर गेणू माझी अर्धी मिशी भर रस्त्यात काढंल. नाय दाखवलंस तर तू डोक्यावर बादली घालून बाजाराला तीन फेऱ्या मारायच्या. आन् टाकी मोडायची. त्या काचंत मी मिरची लावणार."

गेणू हसला. परवेज नाय हसला.

"टाकी पण?"

"टाकी पण."

त्यानं गिलास उचलला, त्यात चहा नव्हता, तरी तोंडाला लावला. "मंजूर," म्हणला.

आता माझी मिशी. पेठेत माझं नाव नसंल ठाऊक, मिशी सगळ्यांना ठाऊक. चाचीला तिचा राग. का, तर मी तिची लई थट्टा केलेली. एकदा आवाज बदलून फोन केला, नगरपालिकेतनं बोलतोय, तुमचे मासे घरात ऱ्हात्यात, त्यांची घरपट्टी भरा. म्हातारी दोन दिवस कागद शोधत बसली. कळल्यावर पोट धरून हसली, आन् म्हणली, "सुभाष, तुझी ही मिशी उतरलेली बघितल्याबिगर मी कुठं जात नाय."

गेली. मिशी ऱ्हायली.

तर पैज. पैजंतली गंमत म्हंजे दिवा देणारा कोण? मीच.

आमच्याकडं पिंपळवंडीच्या बाजूला शेवंतीवाले शेतात लाल दिव्यांच्या माळा सोडत्यात. रात्रीचा उजेड पडला की शेवंतीला वाटतं दिवस अजून मोठा हाय, ती कळीच धरत नाय. बाजारात भाव येईपर्यंत तिला थोपवायची. म्हंजे हा दिवा फूल उमलावं म्हणून नसतोच, उमलू नये म्हणून असतो. शेतकऱ्याच्या शेंबड्या पोराला पण ठाऊक. पण परवेज गादीवाला, त्याला कापूस सोडून काय कळतंय?

मंगळवारी मी त्याला तसली माळ नेऊन लावली. "फुलांसाठी स्पेशल," म्हणलो. "पिंपळवंडीला विचार कुणाला पण."

"बरं, सुभाषभाऊ."

लाल उजेडात ते कोरल खाटकाच्या दुकानातल्या काळजासारखं दिसायला लागलं. मला हसू आवरंना. तोंड फिरवलं तर समोर चाचीची वेताची खुर्ची. तिच्यावर परवेजनं सोता कापूस भरलेली उशी, आन् उशीत हा खड्डा. नुकतंच कुणी उठून गेल्यावाणी.

"आरं, एवढ्या गाद्या करतोस, आईची उशी तरी पिंजून घे."

"रोज सकाळी पिंजतो," परवेज म्हणला.

मी म्हणलो कापूस हलका असंल.

बुधवारी कोरल मिटलेलंच. परवेजनं कुरकुर करावी, चिडावं, मला दोन शिव्या द्याव्या, तर नाय. नुसता "बरं". थट्टा करायची आन् समोरचा उडतच नाय म्हणल्यावर करायची कशाला? मला त्याचाच राग आला. मग मी बिबट्याचा फोकस काढला. पिंपरी पेंढारला लोक बिबट्या येऊ नये म्हणून गोठ्यावर लावत्यात, पांढराफेक, डोळं फुटायची पाळी. लावला. दोन्ही मासे दगडामागं पळाले. कोरल ढिम्म.

"जास्त झालं का?" मी विचारलं.

"तुमाला काय वाटतं?"

"मला वाटतं ते मेलंय!"

"बरं."

दुकानात येऊन मी पक्कड आपटली. उज्ज्वला, आमची मंडळी, म्हणली, "पैज तुमीच जिंकताय की, मग तोंड का वाकडं?" जिंकायचं तर व्हतं, पण असं नाय. मग चिडून मी पुण्याच्या दुकानाला फोन लावला आन् खरा कोरलचा दिवा मागवला. निळा. तिथला पोरगा विचारतो, टाकीची खोली किती, पंपाचा जोर किती, तुमच्या कोरलला किती पार लागतं, म्हंजे उजेडाचं माप?

"आमच्याला पार नाय, मार लागतो," म्हणलो. "तू पार्सल टाक."

गुरुवारी सकाळच्या एसटीनं दिवा आला. गुरुवारी आमच्याकडं दुरुस्तीसाठी लाईट जातीच. दहाला गेली. मी निळा दिवा जोडायला म्हणून इन्व्हर्टरची वायर पण काढली. पाच महिन्यांत पयल्यांदा त्या टाकीवर उजेड नव्हता. पंप थांबला. खोलीला खिडकी नाय, दुकानाकडच्या दारातनं येईल तेवढाच भुरका उजेड.

मी स्टुलावर उभा राहून स्क्रू आवळत व्हतो. खाली परवेज टाकी धरून.

"भाऊ," तो हळू म्हणला.

मी खाली बघितलं.

कोरल उघडत व्हतं. कडंनं सुरू झालं, मग मधी. एकेक हिरवं फूल गोणपाटातनं वर आलं आन् पाकळ्या सोडल्या. शेकडो. खोलीत मिठाचा वास सुटला, ओला, जुना.

"लाईट नाय म्हणून उघडलं," मी म्हणलो. माझा आवाज मलाच मोठा वाटला. "साधं हाय. त्याला अंधार पायजे व्हता."

"वाकलंय बघा."

वाकलं व्हतं. सगळी फुलं एका अंगाला झुकलेली, पिकावरनं वारं गेल्यावाणी. पण पंप बंद व्हता. पाणी काचंसारखं थांबलेलं.

ती खुर्चीकडं झुकली व्हती.

मी असल्या गोष्टींना भीत नाय. लोकांना भूतं दाखवण्यात माझी जिंदगी गेली. पांढरी चादर, काळा दोरा, सगळं मला ठाऊक. मी टाकीच्या मागं बघितलं, खाली बघितलं, परवेजचे हात बघितले. मग खुर्ची उचलली आन् टाकीच्या दुसऱ्या अंगाला नेऊन ठेवली.

खुर्ची जड व्हती. वेताची खुर्ची, दोन बोटांनी उचलावी अशी.

आमी थांबलो. दुकानात कुणीतरी "परवेजभाई?" म्हणून हाक मारली आन् निघून गेलं.

फुलं वळली. सावकाश, सगळी एकदम.

मी खुर्ची परत जागेवर नेली. फुलं परत वळली.

"आता ही थट्टा कुणाची हाय ते सांग," मी म्हणलो.

"तुमीच सांगा. थट्टेतलं तुमाला कळतं."

मग मी गेलो आन् खुर्चीत बसलो. चिडूनच बसलो.

उशी गार व्हती. ओली नव्हती, पण गार. मी बसलो तशी सगळी फुलं एका दमात मिटली. एक ऱ्हायलं नाय.

मी उठलो.

मला राहवंना. "परवेज, ऐक. मंगळवारी मी लावलेला दिवा. तो शेवंती फुलू नये म्हणून असतो. मी मुद्दाम लावला."

"मला माहितेय."

"कुणी सांगितलं?"

"अम्मीनं."

"कवा?"

"मंगळवारी," परवेज म्हणला. जसं काय आज भाजी काय, असं. "म्हणली, लावू दे. सुभाषला हसू दे जरा."

लाईट आली. पंप घुरघुरला. निळा दिवा आपोआप पेटला. मिटलेलं कोरल त्यात काळं दिसत व्हतं. मी पक्कड तिथंच टाकून घरी गेलो.

शनिवारी मी परवेजला म्हणलो, पैज सोडू, मी हरलो म्हणतो, मिटव. तो नाय म्हणला. "टाकी पणाला लावलीय, भाऊ. लोकांसमोरच होऊ दे. नायतर तुमी परत कवातरी मिरची लावाल." त्याचं पण बरोबर व्हतं.

रविवार. बाजार फुल. गेणूनं खुर्ची रस्त्यावर काढली, आरसा विजेच्या खांबाला अडकवला. बातमी त्यानंच पसरवलेली. साळुबाई मेथीच्या जुड्या सोडून पुढं येऊन बसली. "पावणं, मिशी मापात घेणार का वजनावर?" तिनं विचारलं, आन् सगळा चौक हसला. उज्ज्वलानं मोबाईल धरला व्हता. माझी सोताची बायको.

परवेज आला. हातात लोणच्याची बरणी, तिच्यावर चाचीची मोतिया ओढणी. कोरलचा एक तुकडा कापून त्यानं खाऱ्या पाण्यात घालून आणला व्हता. मला ठाऊक, नुसती टाकी हलली तरी ते दिवसभर मिटतं. हा तर तुकडा. कापलेला, धक्के खात आणलेला. माझ्यातला जुना पैजखोर अजून म्हणत व्हता, जिंकशील.

परवेजनं बरणी स्टुलावर ठेवली आन् ओढणी काढली.

उघडलेलं. भर उन्हात, हिरवंगार, बरणीभर.

शिट्ट्या वाजल्या. मी जाऊन खुर्चीत बसलो. गेणूनं फेस लावला. "डावी का उजवी?"

"तुला आवडंल ती."

त्यानं उजवी काढली. दोन हात मारले आन् वीस वर्षांची मिशी गळ्याखालच्या फडक्यावर पडली. लोक टाळ्या वाजवत व्हते. मी पण हसलो, हरलेल्यानं हसायचं असतं. आन् मग बरणीकडं बघितलं.

फुलं वाकली व्हती. माझ्याकडं नाय. माझ्या उजव्या खांद्याच्या मागं.

आरशात बघितलं. मागं कुणी नव्हतं. एवढी गर्दी, माणसाला माणूस चिकटलेलं, पण तिथं एका माणसाची जागा मोकळी. कुणी तिथं शिरत नव्हतं. का, ते त्यांना पण ठाऊक नसणार.

"दुसरी पण काढतो, माझ्याकडनं फुकट," गेणू म्हणला. "अर्धी घेऊन कुठं फिरशील?"

त्यानं डाव्या बाजूला फेस लावला. वस्तरा टेकवला.

बरणीतली फुलं मिटायला लागली.

कडंनं. एकेक.

परवेजनं ते बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. चाची काय म्हणायची ते आमच्या दोघांनाच ठाऊक व्हतं. मिशी उतरलेली बघितल्याबिगर कुठं जात नाय.

"नको!" परवेजनं झडप घालून गेणूचे दोन्ही हात धरले. "अर्धीच ठरलीय. राहू दे."

"आरं पण असा..."

"राहू दे, गेणूभाऊ." त्याचा आवाज फाटला. "भाऊ, सांगा ना त्याला."

"राहू दे," मी म्हणलो. "मी अशीच ठेवणार."

लोकांना ती पण माझी थट्टाच वाटली. चौक खदाखदा हसला. बरणीत मिटलेली फुलं परत वर आली, आन् झुकली, आता माझ्या अगदी कानाजवळ.

गेणूचे हात अजून परवेजच्या हातात व्हते. दोन्ही.

काढलेल्या बाजूवरनं, ओठावर, कुणीतरी हळूच बोट फिरवलं. नीट निघालीय का बघावं, तसं.

बोट ओलं व्हतं. मी ओठावरनं जीभ फिरवली.

खारट लागलं.