जीपखालचे पाय

जीप पाहायला आलेल्या कल्पिताला आधी दिसले ते पाय.

पिवळ्या जीपच्या पोटाखालून बाहेर आलेले, ऑइलने माखलेले. एका पायात चप्पल, दुसरा उघडा. हलत मात्र अजिबात नव्हते. कांजूरमार्गच्या त्या यार्डात जुन्या गाड्या ओळीने उभ्या होत्या. मनातल्या मनात गावच्या हरबादेवीचं नाव घेत तिने बाबांची बाही धरली.

"बाबा... इथे कुणीतरी पडलंय."

"पडलेलो नाय," पाय बोलले. "काम चाललंय. बाजूचा तो पाना द्या ना जरा."

तिने वाकून पाना पुढे केला. काळा हात बाहेर आला, पाना घेऊन आत गेला. मग खालून पुन्हा आवाज आला.

"तुमच्या पायांत चपला का नाहीत? इथे सगळीकडे खिळे पडलेत."

तिने पाय मागे घेतले. अनोळखी माणसाला नवसाची गोष्ट कोण सांगतं?

गोष्ट तशी साधी होती, आणि भयंकरही. गेल्या शिमग्याच्या आधी मढच्या किनाऱ्यावर बाबांचा टेम्पो ओल्या वाळूत रुतला. त्यात भरती आली. शेजारच्या सीटवर कल्पिता होती. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं... गावातल्या लोकांनी काच फोडून दोघांना ओढून काढलं तेव्हा अनंताबाबांच्या पायाचा चुरा झालेला. त्यांचा जीव वाचावा म्हणून तिने देवीला बोलून टाकलं होतं — पुढच्या शिमग्यापर्यंत अनवाणी राहीन, रोज पहाटे तुझ्यापुढे दिवा लावीन. देवीने ऐकलं. बाबा वाचले. पण तो पाय आता क्लच दाबण्याच्या कामाचा राहिला नव्हता.

घरात एक होडी. होडीतलं म्हावरं पाण्याच्या कडेपासून बोंबील वाळवायच्या मैदानापर्यंत न्यायची तर गाडी हवी. दुसऱ्याची गाडी येईपर्यंत माल नरम पडायचा. "चारी चाकं ओढणारी गाडी मिळाली आणि तू चालवलीस तर ठीक," बाबा म्हणाले होते, "नायतर होडी विकायची, बाय." ते इतक्या हळू बोलले होते की कल्पिताला रात्रभर तेच ऐकू येत राहिलं. आणि तिची अवस्था अशी की आंघोळीला बादलीत हात घातला, पाणी मनगटाच्या वर आलं, तरी श्वास अडकायचा.

यार्डाचा मालक विकी गाडीचे गुण गात होता. वीज कंपनीची गाडी. मुलुंडच्या मागच्या डोंगरात टॉवर तपासायला लाइनवाल्यांना घेऊन जायची. दारावरचं कंपनीचं नाव खरवडून काढलेलं, तरी तिरप्या उन्हात अजून वाचता येत होतं. टपावर शिडी ठेवायचा सांगाडा. कल्पिता पुढे झाली आणि तिने गाडीच्या नाकावर हात ठेवला. जुनी होडी घेताना घरातल्या बाईने असा हात ठेवून एक गोष्ट विचारायची, ही तिच्या आईकडची रीत.

"हिच्यात कुणाचा जीव गेलाय का?"

विकी हसला. "ताई, ही जीप आहे. भूतबंगला नाय."

"विचारू दे रे तिला." खालचा माणूस सरपटत बाहेर आला. कपाळावर ग्रीसचा पट्टा, आणि डोळे... डोळे मात्र अगदी धुतल्यासारखे. "कुणाचा नाय गेला. ही मीच चालवायचो, कंपनीने विकायला काढली तोपर्यंत. हां, घाबरलेली माणसं खूप बसलीत हिच्यात."

"कोण?"

"पहिला मी."

इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कल्पिताच्या ओठांची कड हलली. तिचं तिलाच ते कळलं, आणि तिने लगेच मान खाली घातली.

त्याचं नाव नितेश. गाडी गेली तशी त्याची कंत्राटी नोकरीही गेली, म्हणून तो विकीकडे गाड्या दुरुस्त करायला लागला होता. सौदा ठरल्यावर अनंताबाबांनी विचारलं, "पोरीला वाळूत चालवायला शिकवेल कोण?"

"मी येईन. सकाळी, ओहोटी बघून."

"घाटकोपरला राहणारा आता ओहोटी बघणार," विकी म्हणाला.

"अरे, मालवणचो आसंय मी. भरती-ओहोटी माका शिकयतंस?"

गाडी मढला आली त्या सकाळी कल्पिता दिवा लावून थेट किनाऱ्यावर गेली. सीटवर बसली आणि पाय खाली नेले तर... लोखंड लागलंच नाही. तिन्ही पेडलांवर जाड काळं रबर, कडेने नीट तारेने बांधलेलं.

"हे काय?"

"लाइनवाले ज्या रबरी चटईवर उभे राहतात ना, तिचा तुकडा. थंडीत लोखंड चावतं. आणि तुमचा नवस मोडायला नको."

"नवसाचं कुणी सांगितलं?"

"तुमच्या बाबांना विचारलं."

"का?"

"म्हणजे... क्लच नीट दाबता यायला हवा ना." तो भलतीकडेच, समुद्राकडे पाहत होता.

"फक्त क्लचसाठी?"

तिने ते इतक्या हळू विचारलं, की त्याने ऐकलं नाही असं दोघांनाही म्हणता आलं.

रोजची सकाळ तशीच. दूरवर पाण्याची पांढरी रेघ दिसली की तिचा पाय ब्रेककडे जायचा. स्टिअरिंगवर बोटं पांढरी व्हायची. नितेश ओरडायचा नाही. "ब्रेक नको मारूस, वाळूत ब्रेक मारला की गाडी बसते. घाबरलीस तर घाबर, पण पाय काढू नको." 'तुम्ही'चं 'तू' केव्हा झालं, कुणाच्या लक्षात आलं नाही. आणि एक सवय त्याची. बॉनेट उघडायचं असो की चाकाशी वाकायचं असो, आधी चावी काढून तिच्या तळहातावर ठेवायचा.

"हे कशाला दर वेळी?"

"आमच्यात असंच. खांबावर चढायच्या आधी खालच्या पेटीतला फ्यूज काढून स्वतःच्या खिशात घालायचा. ज्याचा जीव वर, त्याचा फ्यूज त्याच्याच खिशात. दुसऱ्याला द्यायचा नाय, अगदी सख्ख्या भावालाही."

"मग चावी मला का देतोस?"

"चल, दुसरा गिअर टाक," तो एवढंच म्हणाला. त्या उत्तर न देण्याने कल्पिता पाण्याला घाबरायची त्याहून जास्त घाबरली. आपलं माणूस झालं की ते हरवण्याची भीतीही आपली होते... एवढं तिला त्या बुडत्या टेम्पोने शिकवलं होतं.

आणि मग ती सकाळ आली. होडी भरून आली होती. मागे टोपल्या लादून कल्पिता निघाली, शेजारी नितेश. पहिल्यांदाच खरा माल होता. कुठे वळली, किती वळली कोण जाणे, पण गाडी थांबली ती नेमकी त्याच जागी, जिथे टेम्पो बुडाला होता. मागची चाकं गरागरा फिरली, पुढची नुसती उभी राहिली.

"पुढच्या चाकांना जोर देणारा दांडा निसटला वाटतं," नितेश म्हणाला. "बसवतो." त्याने चावी काढली. तिच्या मुठीत ठेवली. तिची बोटं एकेक करून मिटवली, आणि समुद्राच्या बाजूने गाडीखाली शिरला.

ओहोटी संपून पाणी वळलं होतं. आधी नुसता ओलावा, मग फेसाची किनार, मग टायर.

किनाऱ्यावरून अनंताबाबा काठी उंचावून ओरडत होते. पलीकडून गाडीखाली गेलेला नितेश त्यांना दिसत नव्हता. "बाय, स्टार्टर मार. काढ गाडी बाहेर." त्यांच्यामागून चार जणांचा गलका, "मार स्टार्टर, बुडेल."

कल्पिताचं सगळं अंग तेच सांगत होतं. चावी लाव. पळ. टायरवर आपटलेल्या लाटेचे थंड शिंतोडे दारातून घोट्याला लागले आणि तिच्या डोळ्यांपुढे काच आली, बाबांचा पाय आला, छातीपर्यंतचं पाणी आलं. हात चावीसकट आपोआप पुढे गेला... चावीचं टोक त्या भोकाला टेकलंसुद्धा.

मग तिने दार उघडलं आणि ती पाण्यात उतरली.

गाडीला वळसा घालून ती त्याच्या पायांशी जाऊन उभी राहिली. लाट आली. तिने डोळे मिटले, मूठ छातीशी घट्ट धरली, आणि देवीला म्हणाली, आई, काही मागत नाही, फक्त माझे पाय इथून हलू देऊ नको. पाणी पोटऱ्यांना लागलं. तिच्या तोंडून रडण्यासारखा आवाज येत होता, तो तिला थांबवता येत नव्हता. पण पाय हलले नाहीत.

"झालं," खालून आवाज आला. तो खोकत बाहेर आला, नखशिखांत भिजलेला. "चावी?"

तिची मूठ उघडेना. त्यानेच मघासारखं एकेक बोट सोडवलं, पण चावी घेतली नाही. "तूच चालव."

तिने चालवली. रडत चालवली. चारी चाकांनी वाळू धरली, गाडीने एक हिसका दिला, आणि टोपल्यांसकट जीप कोरड्या किनाऱ्यावर येऊन उभी राहिली. अनंताबाबांनी भिजलेल्या नितेशला उतरताना पाहिलं आणि ते मटकन खाली बसले. ओरडून आपण लेकीला काय करायला सांगत होतो, ते त्यांना आत्ता कळलं होतं.

माल उतरला, माणसं पांगली. दोघं जीपच्या सावलीत उभी राहिली.

"तू घाबरला नाहीस?" तिने विचारलं.

"खूप. वरून सगळे ओरडत होते, स्टार्टर मार म्हणून. मी म्हटलं, आता संपलं. मग शेजारी तुझे पाय दिसले. लटलट कापत होते." तो थांबला. "म्हटलं, पाय इथे आहेत म्हणजे चावी गाडीला नाय. आणि मग काम करत राहिलो."

ती ओढणीचं टोक पिळत राहिली. त्यातलं पाणी केव्हाच निघून गेलं होतं.

"त्या दिवशी विचारलंस ना, चावी तुला का देतो," तो म्हणाला. "आधी कुणाला दिली नव्हती, कल्पिता. द्यावीशी वाटली नाय."

"मला भीती वाटते, नितेश."

"माझी?"

"तुझी नाही रे... तुला काही होईल याची. ही भीती काही जाणार नाही. जन्मभर वाटेल."

"वाटू दे," तो म्हणाला. "मला पण वाटेल. दोघं मिळून घाबरू."

दुसऱ्या दिवशी पहाटे ती देवळात गेली. दिवा लावला, हात जोडले, डोळे मिटले. उघडले तेव्हा तिच्या पायांशेजारी फरशीवर आणखी दोन पाय होते. वाळूने भरलेले. अनवाणी.

"चपला कुठे?" तिने कुजबुजत विचारलं.

"एक यार्डात हरवली होती. दुसरी जोडी काल समुद्राने नेली." तोही कुजबुजत होता. "देवीची मर्जी दिसते. नवस कधी संपतो?"

"शिमग्याला."

"मग तोवर मी पण असाच."

"आणि शिमग्यानंतर?"

"नंतर..." त्याने देवीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "नंतर दोघांच्या चपला घ्यायला जाऊ. जीप तू काढायची."

दिव्याची वात वाऱ्याने थरथरली. कल्पिताने तिच्याभोवती ओंजळ धरली. लगेच दुसऱ्या बाजूने त्याचीही ओंजळ आली... आणि ज्योत सरळ झाली.